सहा तारांचा खर्ज

१९७५ साली न्यूयॉर्कमधील वादक अँथनी जॅक्सन याने कार्ल थॉम्पसन या वाद्यकारागिराकडून सहा तारांची बेस गिटार करवून घेतली, तेव्हा त्याच्या मागणीमागे एक साधा परंतु अभेद्य युक्तिवाद होता. बेस गिटार ही गिटारच्याच कुळातली, सर्वांत खालच्या स्वरांची शाखा. मग मूळ वाद्याला सहा तारा असताना या शाखेनेच चार तारांवर संतोष का मानावा? चार तारांचा हा शिरस्ता पडला तो डबल बेसमुळे. लिओ फेंडर याने १९५१ साली आपली प्रिसिजन बेस बाजारात आणली ती डबल बेससारखे अजस्र वाद्य खांद्यावरून वाहणाऱ्या वादकांची सोय व्हावी म्हणून, आणि त्यांची बोटे ज्या मांडणीला सरावली होती तीच मांडणी त्याने या नव्या, पडद्यांच्या वाद्यावर कायम ठेवली. जॅक्सनने या चार तारांच्या खाली एक जाड तार आणि वर एक बारीक तार मागितली. थॉम्पसनने केलेल्या पहिल्या वाद्यात तारा फार जवळजवळ आल्या होत्या आणि पुढे अनेक वर्षे अनेक कारागिरांच्या हातून त्यात सुधारणा होत गेल्या. पण बी, ई, ए, डी, जी, सी ही जी जुळणी त्या वेळी ठरली, ती आजही सहा तारांच्या बेसची सर्वमान्य जुळणी आहे.

या जुळणीचे सौंदर्य आपल्याकडच्या संगीतरसिकाला चटकन उमगेल, कारण तिच्यातील प्रत्येक तार ही आपल्या खालच्या तारेचा शुद्ध मध्यम असते. साध्या गिटारमध्ये हे मध्यमाचे नाते दुसऱ्या व तिसऱ्या तारांमध्ये तुटते आणि तिथे गांधाराचे अंतर येते, त्यामुळे एकच स्वरसमूह निरनिराळ्या तारांवर वाजवताना बोटांची ठेवण बदलावी लागते. सहा तारांच्या बेसवर मात्र एकदा हातात बसलेली आकृती सहाही तारांवर तशीच्या तशी चालते. सर्वांत खालची बी तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे ३१ कंपने होतात, तर सर्वांत वरच्या सी तारेची सुमारे १३१. चोवीस पडद्यांचे वाद्य असेल तर चार सप्तके आणि वर एक अर्धस्वर एवढा विस्तार एका दांडीवर मिळतो. एवढा विस्तार हाती आल्यामुळे जॉन पॅटिटुची यांच्यासारख्या वादकांनी या वाद्यावर केवळ साथ केली नाही, तर स्वतंत्र गायकी अंगाने आलाप मांडले.

येथेच एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. 'सहा तारांची बेस' या एकाच नावाखाली दोन भिन्न जिन्नस विकले जातात. डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९५६ साली आणि फेंडरने १९६१ साली ज्या सहा तारांच्या बेस काढल्या, त्या साध्या गिटारच्याच जुळणीत, फक्त एक सप्तक खाली लावलेल्या होत्या. त्यांची दांडी आखूड, तारा बारीक आणि एकमेकींना चिकटून. फेंडरचा बेस सिक्स हा त्यांतला प्रसिद्ध नमुना, आणि त्याची स्वस्त आवृत्ती स्क्वायर या नावाने आजही निघते. तेही वाद्य गुणी आहे, पण त्यात ती खोल बी तार नसते. ज्याला जॅक्सनची परंपरा हवी त्याने विकत घेण्यापूर्वी खालची तार कोणत्या स्वराची आहे याची खातरजमा करून घ्यावी.

आता प्रश्न खर्चाचा. उत्तम कारागिराने एकेका गिऱ्हाइकासाठी घडवलेली सहा तारांची बेस सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची असते, आणि म्हणूनच पुष्कळ तरुण मंडळी ही हौस मनातच ठेवतात. माझे मत असे की, गेल्या काही दशकांत यंत्राने लाकूड कापण्याची कला इतकी सुधारली आहे की कारखान्यातून निघालेल्या बेताच्या किमतीच्या वाद्यातही पाया सहसा पक्का असतो. उणीव राहते ती शेवटच्या हातफिरवणीची, आणि ती उणीव घेणाऱ्याला स्वतः भरून काढता येते. इबानेझ कंपनीची जिओ मालिकेतली जीएसआर २०६ आणि त्याहून एक पायरी वरची एसआर ३०६ ही या वर्गातली ठळक उदाहरणे होत. एसआर ३०६चा नेक, म्हणजे दांडी, मेपल आणि अक्रोड या लाकडांच्या पाच पट्ट्या जोडून केलेला असतो, आणि या एका तपशिलासाठी शक्य असल्यास थोडे अधिक पैसे मोजावेत असे मी सांगेन. सहा तारा पूर्ण ताणल्या म्हणजे नेकवर १०० किलोग्रॅमहून अधिक ओढ येते. रुंद आणि पातळ अशा एकाच फळीपेक्षा निरनिराळ्या दिशांच्या रेषा असलेल्या पट्ट्यांचा जोड ही ओढ अधिक निश्चलपणे सोसतो.

मुंबईत धोबीतलावच्या जेर महालातील फुर्तादोसारख्या, १८६५पासून पाश्चात्त्य वाद्यांचा व्यापार करणाऱ्या दुकानात प्रत्यक्ष जाऊन वाद्य हाताळण्याची संधी असेल तर ती दवडू नये, कारण या वाद्याची परीक्षा डोळ्यांनी आणि कानांनीच व्हावी लागते. प्रथम वाद्य आडवे धरून शरीराच्या बाजूने, खुंट्यांच्या दिशेने, नेकच्या कडेवरून नजर टाकावी. दोन्ही कडा समान वळणाने जाताना दिसल्या पाहिजेत. वरची कड एकीकडे आणि खालची कड दुसरीकडे झुकत असेल, तर लाकडाला पीळ पडला आहे असे समजावे आणि कितीही सवलत मिळत असली तरी ते वाद्य तिथेच ठेवून यावे; इतर बहुतेक दोषांवर इलाज आहे, पिळावर बेताच्या खर्चात इलाज नाही. मग ध्वनिवर्धक न जोडताच बी तार छेडावी. तिचा नाद गढूळ न होता सावकाश विरत गेला पाहिजे. याच तारेच्या पाचव्या पडद्यावर ई स्वर मिळतो. तो आणि शेजारची मोकळी ई तार आलटून पालटून वाजवून पाहिली म्हणजे दोन्ही एकाच वाद्याचे आवाज वाटतात की जाड तार रबरासारखी थलथलते, हे कळून येते. त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकदा तरी वाजवावा, कारण एखाद्या ठिकाणी स्वर उमटताक्षणीच मरतो. जी तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास हा दोष विशेष आढळतो. शेवटी वाद्य पट्ट्याने खांद्याला अडकवून हात सोडून द्यावेत. सहा खुंट्यांच्या भाराने नेक जमिनीकडे झुकू लागला तर डावा हात जन्मभर त्याला तोलून धरण्यातच खर्च होईल.

तारेची बोलती लांबी बहुधा ३४ इंच असते, काही वाद्यांत ३५. एका इंचाने बी तारेला थोडा अधिक ताण मिळून तिचा स्वर आवळ होतो. पण लहान हाताच्या माणसाने या एका इंचासाठी जिद्द धरू नये. तारांमधील अंतराचा विचार अधिक महत्त्वाचा. चार तारांच्या पारंपरिक बेसवर घोडीपाशी दोन तारांत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. बेताच्या किमतीच्या सहा तारांच्या वाद्यांत ते १६–१७च्या घरात येते. बोटांनी छेडणाऱ्याला ते सोयीचे पडते, अंगठ्याने तारेवर प्रहार करून वाजवणाऱ्याला मात्र अडचणीचे.

वाद्य घरी आले म्हणजे जुळणीचे काम सुरू होते, आणि या कामात क्रम चुकला तर सारी मेहनत वाया जाते, कारण पुढची प्रत्येक पायरी मागचीवर अवलंबून आहे. कारखान्यातून आलेल्या तारा बहुधा मलूल झालेल्या असतात, तेव्हा प्रथम नवा संच चढवावा. सी तार एक इंचाच्या सुमारे ३० ते ३२ सहस्रांश आणि बी तार १३० सहस्रांश जाडीची असा संच सर्वसाधारण चालतो. बी तार चढवल्यावर ती घोडीच्या खाचेवर कमान करून उभी राहते. खाचेच्या लगेच पुढे बोटाने हलकेच दाबून तिला तेथे कोन द्यावा, म्हणजे स्वर स्थिर होतो. सगळ्या तारा योग्य स्वरात आणल्यावरच पुढे जावे.

मग नेकचे वळण. नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते आणि ती आवळून अथवा ढिली करून तारांच्या ओढीला तोल द्यायचा असतो. पहिल्या पडद्यावर कापो नावाचा चिमटा लावून तार दाबून ठेवावी, जिथे नेक शरीराला मिळतो तिथला पडदा उजव्या हाताच्या बोटाने दाबावा, आणि मधल्या सातव्या-आठव्या पडद्यावर तार व पडदा यांत किती फट राहते ते पाहावे. एक तृतीयांश मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे चांगल्या जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असावी. कार्ड तारेखालून सरकताना तारेला किंचित स्पर्श व्हावा, पण तार उचलली जाऊ नये. ही तपासणी सहा तारांच्या वाद्यावर एकदा बी तारेखाली आणि एकदा सी तारेखाली, अशी दोनदा करावी, कारण एवढ्या रुंद नेकच्या दोन कडा नेहमीच एकसारख्या वागतात असे नाही. फट अधिक असेल तर किल्ली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवावी, कमी असेल तर उलट. मग तारा पुन्हा स्वरात आणाव्यात, लाकडाला स्थिरावण्यास काही तास द्यावेत आणि फेरतपासणी करावी. किल्ली अचूक मापाची असावी आणि जोर कधीही करू नये. काही नेकमध्ये अशा दोन सळया असतात. त्या दोन्ही सारख्याच थोड्या-थोड्या फिरवाव्यात.

यानंतर घोडीवरील सॅडलची, म्हणजे प्रत्येक तार ज्यावर टेकते त्या आधाराची, उंची. बाराव्या पडद्यावर बी तार सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर आणि सी तार दोनच्या आसपास उंच असावी, मधल्या तारा त्यांच्यात पायऱ्या-पायऱ्यांनी बसवाव्यात. या ठिकाणी आपल्या कानांचे संस्कार थोडे आड येतात. मिरजेचे सतारमेकर तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात तेव्हा तार घोडीच्या रुंद पृष्ठाला हळुवार घासावी आणि त्या घर्षणातून स्वरांचे जाळे उमलावे हाच त्यांचा हेतू असतो, आणि त्या नादावर वाढलेल्या माणसाला तारेची झणझण मधुर वाटते. बेसवर तार पडद्याला घासली तर मात्र जाड तारेच्या आंदोलनाची शक्ती त्या खरखरीत निघून जाते आणि मूळ खर्ज दुबळा होतो. म्हणून बी तार थोडी उंच राहिली तरी हरकत नाही. तिला स्पष्ट बोलू द्यावे.

उंची ठरली की स्वरशुद्धी. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट केवळ टेकवून काढलेला स्वयंभू स्वर आणि त्याच पडद्यावर तार दाबून काढलेला स्वर एकच असले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घेऊन तार लांब करावी, उतरता असेल तर पुढे आणावे. तार दाबली की ती किंचित ताणली जाऊन स्वर चढतो, आणि जाड तार ताठर असल्यामुळे तिच्यात हा चढ अधिक. म्हणून बी तारेचे सॅडल इतरांपेक्षा बरेच मागे जाते, त्यात काही बिघडलेले नसते. पुष्कळ स्वस्त ट्यूनर ३१ कंपनांचा स्वर ओळखतच नाहीत, तेव्हा केबलने जोडलेला ट्यूनर वापरावा व बाराव्या पडद्यावरच्या स्वयंभू स्वरावरूनच जुळणी करावी.

पिकअपच्या, म्हणजे तारेची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या, बाबतीत एवढेच की शेवटचा पडदा दाबलेला असताना तार आणि पिकअप यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर राहावे. अधिक जवळ आणले तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डळमळतो. ज्या वाद्यात नऊ व्होल्टची बॅटरी असते त्यातली केबल वाजवणे संपल्यावर काढून ठेवावी, नाहीतर बॅटरी रात्रभर झिजत राहते. घरी सरावासाठी मोठा ध्वनिवर्धक हवाच असे नाही. लहान स्पीकरला बी तारेचा मूळ स्वर काढता येत नाही, कान तो वरच्या अंशस्वरांवरून अदमासाने पूर्ण करतो. पण सरावाच्या दृष्टीने चांगला हेडफोन अधिक खरा ऐकवतो.

चार तारांवरून येणाऱ्याची खरी कसोटी मात्र जुळणीनंतर, उजव्या हातात आहे. सहा तारांपैकी एक वाजत असताना उरलेल्या पाच, सतारीच्या तरफांप्रमाणे, आपोआप गुणगुणू लागतात. सतारीत ती शोभा, येथे तो गोंधळ. म्हणून अंगठा एका जागी टेकवून न ठेवता वरच्या तारांकडे जाताना तो खालच्या तारांवर आडवा सरकत न्यावा, म्हणजे त्या मुक्या राहतात, आणि बारीक तारांचा बंदोबस्त डाव्या हाताच्या बोटांच्या सपाट पेरांनी करावा. पहिले काही आठवडे केवळ याच गोष्टीसाठी द्यावेत, अगदी संथ लयीत, मेट्रोनोम लावून. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेली बेस ऐकताना दोन स्वरांमधली शांतता किती स्वच्छ राखलेली असते तिकडे लक्ष द्यावे. तारा किती आहेत यावर ती स्वच्छता अवलंबून नसते.

कोकणकिनाऱ्यावर, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्याने आणखी एक तजवीज ठेवावी. मृगाच्या सरींबरोबर हवेतील ओलावा वाढला की लाकूड फुगते आणि नेकचे वळण बदलते, पुढे कोरडा हिवाळा आला की ते पुन्हा बदलते. म्हणून जूनच्या अखेरीस आणि पुन्हा नोव्हेंबरात व्हिजिटिंग कार्डाची ती तपासणी करावी, गरज असल्यास पाव फेरा द्यावा, आणि पावसाळ्यात वाद्य भिंतीला टेकवून न ठेवता सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या पेटीत ठेवावे. मात्र किल्ली सहज फिरेनाशी झाली, किंवा पाव फेऱ्यानेही फटीत काही फरक पडला नाही, तर तिथेच थांबून वाद्य जाणत्या कारागिराकडे न्यावे.