पोरके लेकरू आणि आपली जबाबदारी

आई-बाप गेलेले लेकरू आपल्याकडे नागावात आजी-मावशीच सांभाळते. पण आजी थकली की, "पोराला मुंबईला घरकामाला पाठवा, पोटभर जेवेल," असे सांगणारा कुणी दारात येतो. बांधवांनो, इथेच आपण सावध राहायला हवे.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार निराधार मूल आढळल्यास प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. ते परस्पर कुणाला दत्तक देणे हा गुन्हा आहे. समितीकडे गेलो की मूल हिरावले जाईल, ही भीती मात्र नको. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायदाच सांगतो. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिची मदत दरमहा २,२५० रुपये झाली. अलिबागच्या जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करावी.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. अब्रूच्या धाकाने आपण गप्प बसू नये. मुलाचे नाव छापायला कायद्यानेच बंदी आहे. १०९८ हा फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. हा आकडा घरातल्या पोरांना आजच पाठ करून द्या.