ग्रीन टी : मेंदूला तरतरी, पण जेवणासोबत नको

यवतमाळ : दूध-साखरेच्या कडक चहावर पोसलेल्या विदर्भातही ग्रीन टी आता अपरिचित राहिलेला नाही. यवतमाळ, पुसद, वणी येथील किराणा दुकानांत त्याची पाकिटे सहज मिळतात. तो स्मरणशक्ती वाढवतो आणि म्हातारपणीचे विस्मरण टाळतो, अशी त्याची ख्याती आहे. त्यात तथ्य किती, हे मात्र तपासून घ्यायला हवे.

प्रथम एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. परसातला गवती चहा म्हणजे ग्रीन टी नव्हे. गवती चहा ही सुगंधी गवताची पात असून तिच्यात कॅफिन नसते. ग्रीन टी नेहमीच्या चहाच्याच झुडपापासून तयार होतो. खुडलेल्या पानांना लगेच उष्णता दिल्याने ती काळी पडत नाहीत आणि त्यांतील कॅटेचिन ही द्रव्ये बऱ्याच प्रमाणात टिकून राहतात.

मेंदूवर काय परिणाम होतो?

ग्रीन टीतील कॅफिन झोपेची भावना रोखते, तर थिअॅनिन हे अमिनो आम्ल मन शांत ठेवण्यास मदत करते. दोन्ही एकत्र घेतल्यास काही काळ एकाग्रता सुधारते, असे छोट्या प्रयोगांत दिसले आहे.

जपानमध्ये सत्तरी ओलांडलेल्या सुमारे 1,000 व्यक्तींची पाहणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. रोज दोन किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांमध्ये बौद्धिक क्षमता खालावल्याचे प्रमाण कमी आढळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, 40 हजारांहून अधिक जपानी प्रौढांच्या अभ्यासात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यूही कमी दिसले. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक नव्हता.

ही निरीक्षणे आशादायक असली तरी तो पुरावा निर्णायक नाही. ग्रीन टी पिणाऱ्यांचा आहार, व्यायाम आणि सामाजिक वावर यांचाही वाटा त्यात असू शकतो. म्हणून ग्रीन टी हे विस्मरणावरील औषध मानता येत नाही.

रक्तक्षय असेल तर सावध

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के महिलांना रक्तक्षय आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि पालेभाज्या यांतील लोह शरीरात आधीच कमी शोषले जाते. जेवणासोबत चहा घेतल्यास, मग तो हिरवा असो वा काळा, हे शोषण आणखी घटते. लोह कमी पडले, तर थकवा येतो आणि लक्षही लागत नाही. म्हणजे मेंदूसाठी घेतलेला चहा मेंदूच्याच मुळावर यायचा! जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेलही आढळतो. त्यामुळे रक्तक्षयाचे कारण तपासणीतून निश्चित करूनच उपचार घ्यावेत.

हे लक्षात ठेवा

* जेवण किंवा लोहाच्या गोळीनंतर किमान एक तास चहा टाळावा.
* जेवणात लिंबू किंवा आवळा असावा. 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते.
* पाणी उकळल्यावर थोडे निवू द्यावे आणि पाने दोन-तीन मिनिटेच ठेवावीत. चहा कडवट होत नाही.
* झोपेच्या तक्रारी असतील, तर सायंकाळनंतर घेऊ नये.
* अर्काच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. मोठ्या मात्रेत त्या यकृताला अपायकारक ठरू शकतात, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये दिला आहे.
* गर्भवतींनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे.

साखरेच्या चहाऐवजी बिनसाखरेचा ग्रीन टी घेतला, तर पोटात जाणारी साखर कमी होते. रोजच्या वापरातला हा लाभ निश्चित आहे.