विश्लेषण : ‘कधीही न वितळणारी भूमी’ का वितळतेय?

कॅनडाच्या बॅफिन बेटावरील औयुइत्तुक या राष्ट्रीय उद्यानातून आर्क्टिक वृत्त जाते. स्थानिक इन्युइट लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘कधीही न वितळणारी भूमी’. मात्र इथला बर्फ आता झपाट्याने वितळत आहे. नेमके काय घडतेय?

उद्यान किती मोठे?
क्षेत्रफळ सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पाचपट. १९७६ मध्ये संरक्षित झालेल्या या भागाला २००१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा पूर्ण दर्जा मिळाला. सुमारे १,२५० मीटरचा उभा कडा असलेला माउंट थॉर इथेच आहे. पेनी आइस कॅप हा इथला सर्वांत मोठा बर्फाचा थर. हिमयुगात उत्तर अमेरिका झाकणाऱ्या महाकाय हिमचादरीचा तो उरलेला तुकडा आहे.

बर्फ आतून कसा तापतो?
दहावीच्या विज्ञानातला ‘अप्रकट उष्मा’ आठवतोय? उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो, पाणी खाली झिरपते आणि थंड थरात पुन्हा गोठते. १ किलो पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत १ किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल! ही उष्णता आजूबाजूच्या बर्फात मुरते. पेनीच्या माथ्याजवळ १० मीटर खोलीवरचे तापमान १९९०च्या दशकाच्या मध्यापासून दीड दशकात सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढल्याचे संशोधकांना आढळले. आधीच उबदार झालेला बर्फ पुढच्या उन्हाळ्यात लवकर वितळतो.

धोका कुणाला?
जून २००८ मध्ये उद्यानाजवळच्या पॅन्गनिरटुंग गावात नदीला पूर आला. एरवी वर्षभर गोठलेली जमीन, म्हणजेच पर्माफ्रॉस्ट, खचली आणि पुलांचे नुकसान झाले. त्याच उन्हाळ्यात उद्यानातील पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, काही भाग बंद करावा लागला.

मग संरक्षण कशाचे?
राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्याने इथे खाणकाम रोखता येते. इन्युइटांचा पारंपरिक शिकारीचा हक्कही अबाधित आहे. पण उद्यानाची हद्द हवेला अडवत नाही. १९७९ नंतर आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापला. त्याला कारणीभूत असलेला धूर हजारो किलोमीटर दूरच्या शहरांतून, कारखान्यांतून निघतो. त्यामुळे या भूमीचे नाव खरे ठरणार की नाही, हे उद्यानाच्या बाहेरच ठरणार आहे.