बालरोगतज्ज्ञाच्या दाराबाहेर

बालरोगतज्ज्ञाचे काम नेमके कोणत्या वयात संपते? कागदावर याचे उत्तर सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हा वयोगट किशोरावस्थेचा मानते, आणि आपला कायदा १८ वर्षे पूर्ण होताच व्यक्तीला सज्ञान ठरवितो. दवाखान्यात मात्र निराळेच चित्र दिसते. मिसरूड फुटलेला मुलगा भिंतीवरच्या ससे-हत्तींच्या चित्रांखाली अवघडून बसलेला असतो, आणि ‘रात्री इन्सुलिन किती युनिट घेतोस?’ या प्रश्नाचे उत्तर त्याची आई देते. दोन महिन्यांनी हाच मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला जाणार असतो.

गाव सोडून नव्या ठिकाणी बिऱ्हाड मांडणे भोपाळच्या मराठी समाजाला नवीन नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडील कितीतरी कर्मचारी कुटुंबांसह येथे आले. टी. टी. नगरच्या सरकारी घरांत ओळखीचे कोणी नसताना त्यांनी गणेशोत्सव, हळदीकुंकू, भजन यांच्या आधाराने शेजार निर्माण केला. पण ते कुटुंबासह आले होते, हे विसरू नये. आज मॅनिटमध्ये, २००८ साली सुरू झालेल्या आयसरमध्ये किंवा २०१२ पासूनच्या एम्समध्ये बाहेरून येणारा विद्यार्थी एकटा येतो, आणि आपली मुलेही एकटीच जातात.

निरोगी मुलासाठी हा काळ थोडा चाचपडण्याचा असतो, इतकेच. परंतु टाइप १ मधुमेह, अपस्मार, थॅलेसेमिया किंवा संधिवातज्वरामुळे झालेला हृदयविकार असणाऱ्या मुलासाठी हाच काळ सर्वांत धोक्याचा ठरतो. यामागे शरीराचीही कारणे आहेत. तारुण्यात पदार्पण होताना वाढीच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. दूरचा विचार करण्याचे काम ज्या अग्रमेंदूकडे असते, त्याची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. नेमक्या याच वेळी घर, जेवण, झोपेची वेळ आणि डॉक्टर या चारही गोष्टी एकदम बदलतात. इंजेक्शने चुकू लागतात, तपासण्या लांबतात, आणि मग एखाद्या परक्या शहरातील अतिदक्षता विभागातून कीटोॲसिडोसिसची वार्ता घेऊन पालकांचा दूरध्वनी येतो.

संधिवातज्वराच्या रुग्णांची अडचण वेगळी. त्यांना दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन टोचावे लागते. नव्या गावात, रिॲक्शनच्या भीतीने, अनोळखी रुग्णाला हे इंजेक्शन देण्यास अनेक ठिकाणी नकार मिळतो. दोन-तीनदा नकार मिळाला की मुलगा तो नाद सोडतो. त्याला त्या दिवशी काहीच त्रास होत नसतो. पुढे घशाच्या साध्या संसर्गानंतर ज्वर उलटतो आणि झडप अधिक खराब होते. एका सविस्तर पत्राने हे टळू शकते.

यापेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे आजार लपविणे. ‘खोलीतल्या मुलींना सांगू नकोस, उद्या लग्नाच्या वेळी अडचण होईल’ असा सल्ला देणारे सुशिक्षित पालक मी अनेकदा पाहिले आहेत. त्यांची भीती मला समजते, तरी हा सल्ला मला घातक वाटतो. रात्री साखर घसरून मुलगी घामाघूम झाली, असंबद्ध बोलू लागली, तर शेजारच्या खाटेवरील मैत्रिणीला काय करावे हे ठाऊक हवे. शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडातून काहीही न देता रुग्णालय गाठावे. एवढेच शिकवायचे असते.

माझ्याकडील एक मुलगा पुण्यात नोकरीला लागला. आरंभीचे काही महिने कचेरी आणि खोली यापलीकडे त्याचे जग नव्हते. पुढे एका सहकाऱ्यासोबत तो ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाऊ लागला, आणि आईने घाबरून मला विचारले, ‘डॉक्टरसाहेब, याला परवानगी द्यावी का?’ मी त्यालाच बोलावून घेतले. ढोल कमरेला बांधून दोन-तीन तास वाजविणे हा भरपूर व्यायाम आहे. सरावापूर्वी साखर तपासायची, ९० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास आधी काही खायचे, खिशात ग्लुकोज ठेवायचे. व्यायामाचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो, म्हणून झोपण्यापूर्वी पुन्हा तपासायचे, आणि शेजारी वाजविणाऱ्याला आजाराची कल्पना द्यायची. या शेवटच्या अटीवर तो बराच वेळ गप्प होता. पण त्याने सांगितले, आणि पथकातील आणखी एकाला हाच आजार असल्याचे त्याला तेव्हा कळले! त्यानंतर त्याच्या साखरेच्या नोंदी मला नियमित मिळू लागल्या.

तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षीच सुरू करावी, असे माझे मत आहे. प्रत्येक भेटीत दहा मिनिटे पालकांना बाहेर बसवून मुलाशी बोलावे. औषधाचे नाव, मात्रा, ते कशासाठी आणि संपण्यापूर्वी कोठून आणायचे, हे त्याने स्वतः सांगावे. इन्सुलिन प्रवासात हातातील पिशवीत ठेवावे, बर्फाला थेट टेकवू नये. ताप येऊन जेवण गेले तरी ते पूर्ण बंद करू नये. अपस्माराच्या रुग्णाला जागरण आणि मद्य यांविषयी आडपडदा न ठेवता सांगावे. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलीशी पुढील गर्भारपणातील धोक्याबद्दल वेळीच बोलावे. हा विषय आपण लग्न ठरेपर्यंत उगाच टाळतो. एकटेपणाने मन खचल्यास टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक त्याच्याजवळ असावा. ही सेवा २०२२ पासून निःशुल्क उपलब्ध आहे.

जाणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ मी दोन पानांचे पत्र देतो. त्यात निदानाचे वर्ष, चालू औषधे, ॲलर्जी, झालेल्या लसी, शेवटच्या तपासण्या आणि माझा दूरध्वनी असतो. पत्र पुढील डॉक्टरांच्या नावे असले तरी ते मी मुलाकडून मोठ्याने वाचून घेतो. न समजलेल्या शब्दाशी तो अडखळतो, तेथे थांबून समजावतो. या वेळी आई बाहेर बसलेली असते.