चाळीस फुटांची पासोडी आणि परिच्छेदाची घडण

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत एक जाडसर खादीचं कापड पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेलं आहे. त्याची लांबी सुमारे चाळीस फूट आणि रुंदी सुमारे चार फूट. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यावर मराठी ओव्या लिहिल्या आहेत. त्या सोळाशेच्या आसपास भरतात, आणि मध्ये मध्ये कोष्टकं आणि आकृत्या आहेत. ही दासोपंतांची पासोडी. थोडं गणित मांडलं तर एका चौरस फुटात सरासरी दहा ओव्या येतात. बोरू शाईत बुडवून कापडावर एवढं लिहायचं, आणि तेही खाडाखोडीला फारशी जागा नसताना! लिहिणाऱ्याच्या डोक्यात मजकुराची मांडणी आधीच पक्की असल्याशिवाय हे जमणार नाही.

दासोपंतांचा जन्म १५५१ सालचा, बीदरजवळच्या नारायणपेठेतला. देशपांडे घराण्यातला हा मुलगा पुढे दत्तभक्तीत रमला, अंबाजोगाईत स्थिरावला आणि तिथेच समाधिस्थ झाला. त्यांचं लेखन अचाट आहे. ‘गीतार्णव’ ही त्यांची गीतेवरची टीका सव्वा लाख ओव्यांची मानली जाते. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या घरात आहे, यावरून अंदाज यावा. रोज एका ढबू पैशाची शाई त्यांना लागे, अशी आख्यायिका अजून सांगतात. पण मला त्यांच्या लेखनाच्या आकारापेक्षा त्यांची निवड मोलाची वाटते. याच लेखकाने गीतेवर ‘गीतार्थबोधचंद्रिका’ नावाची दुसरी, पुष्कळच आटोपशीर टीकाही लिहिली. ग्रंथ तोच आणि लेखकही तोच, तरी विस्तार दोन तऱ्हांचा. ज्याला खोलात शिरायचं त्याच्यासाठी एक, ज्याला अर्थ हाती हवा त्याच्यासाठी दुसरी, असं मी त्याकडे पाहतो.

पासोडीचा विषय पंचीकरण. वेदान्तातली ही कल्पना थोडक्यात अशी. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पाच सूक्ष्म भूतांचे प्रत्येकी दोन भाग करायचे. एक अर्धा भाग जसाच्या तसा ठेवायचा. दुसऱ्या अर्ध्याचे चार वाटे करून ते उरलेल्या चार भूतांना द्यायचे. म्हणजे प्रत्येक स्थूल भूतात निम्मा भाग स्वतःचा आणि बाकीच्या चौघांचा एक-एक अष्टमांश. यातूनच शरीरातल्या तत्त्वांची पाच-पाचांच्या गटांत मांडणी होते आणि पंचवीस तत्त्वांचा तक्ता तयार होतो. हे ओवीतून नुसतं ऐकलं तर बाराव्या-तेराव्या नावापाशीच ऐकणारा हरवतो. कोष्टक पाहिलं की उभ्या-आडव्या ओळींतून नातं लगेच कळतं. पोथीचं पान एका वेळी एक-दोघांनाच वाचता येतं, पसरलेलं कापड मात्र अनेकांना एकदम दिसतं. कापड निवडण्यामागे शिकवण्याचा हेतू असावा, असा माझा तर्क आहे. चारशे वर्षांपूर्वीचा हा मराठीतला भिंतीवरचा तक्ताच म्हणा ना!

अंबाजोगाईच्या परिसरात लेखनाचे इतर हेतूही पाहायला मिळतात. खोलेश्वर हा यादव राजा सिंघण याचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ मंदिर बांधल्याची नोंद १२४० च्या संस्कृत शिलालेखात आहे. दगडावर कोरायचं तर एकेका अक्षराला घाम गाळावा लागतो. म्हणून असे लेख मंगलाचरण, वंश, काळ, कार्य अशा ठरलेल्या क्रमाने चालतात. आठवण टिकवणं हा त्यांचा हेतू, आणि आठवण ठेवणाऱ्याला नेमकं कोण, केव्हा, काय एवढंच लागतं.

गावाजवळच्या डोंगरात मुकुंदराजांची समाधी आहे. ‘विवेकसिंधु’ हा त्यांचा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे ११८८ चा, असं त्यातल्याच उल्लेखावरून परंपरा मानते. हा काळ सर्व अभ्यासकांना मान्य नाही. ग्रंथ कुठे लिहिला गेला यावरही मतभेद आहेत. विदर्भातल्या आंभोऱ्याचा दावाही तितकाच जोरकस आहे. ग्रंथाचा हेतू मात्र स्पष्ट आहे. संस्कृतात बंद असलेलं अध्यात्म मराठी माणसाला उलगडून सांगायचं. म्हणून मुकुंदराजांनी गुरु-शिष्यसंवादाचा घाट घेतला. शिष्याने शंका काढायची आणि गुरूने ती फेडायची. वाचकाच्या मनात उठणारा प्रश्न आधीच ओळखून त्याची जागा ठरवणं हे समजावून सांगणाऱ्या लेखनाचं मर्म आहे, आणि ते मराठीत इतक्या आधी आलेलं आहे.

तेव्हा परिच्छेद नव्हते. हस्तलिखितात शब्दसुद्धा सलग येत. ओवी संपली की दोन दंड आणि क्रमांक, एवढीच विश्रांतीची जागा. मराठीत विरामचिन्हं रुळली ती छपाई आल्यावर, एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा. तरीही परिच्छेदामागचा विचार मराठीला अपरिचित नव्हता. त्याचा सर्वांत सुरेख पुरावा महानुभावांच्या गद्यात सापडतो. केसोबासांनी तेराव्या शतकात रचलेल्या ‘दृष्टान्तपाठा’त ११४ दृष्टान्त आहेत. प्रत्येकाची घडण तीन अंगांची. आधी चक्रधरस्वामींचं सूत्र, मग ते पटवणारी छोटी कथा म्हणजे दृष्टान्त, आणि शेवटी त्या कथेचा मूळ सूत्राशी सांधा जोडणारा दार्ष्टान्तिक. आंधळे हत्ती चाचपतात, एकाला तो खांबासारखा लागतो, दुसऱ्याला सुपासारखा. कथा इथेच सोडली असती तर ती करमणूक ठरली असती. दार्ष्टान्तिक सांगतो की ती इथे का आली. आजही परिच्छेद फसतो तो बहुधा या तिसऱ्या अंगाशी. विधान असतं, उदाहरणही असतं. पण उदाहरणाने विधानाचं काय केलं हे लिहायचं राहून जातं.

शेजारच्या जालना जिल्ह्यात, जांबला जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर वाटोळं, ओळी सरळ, पहिलं पान ते शेवटचं पान एकाच वळणाचं, हे तर त्यात आहेच. मला त्यातला एक सल्ला फार आवडतो. तरुणपणी हौसेने लिहिलेलं बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम अक्षर लिहावं. पुढे वाचणारे डोळे कसे असतील हे लिहितानाच मनात धरायला ते सांगतात.

आता आजच्या बीडचं उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याला ‘ऊसतोड कामगार’ या विषयावर लिहायला सांगितलं की वाक्यं साधारण अशी येतात: बीडमध्ये ऊसतोड कामगार खूप आहेत. ते फार कष्ट करतात. पाऊस कमी पडतो. कामगार उचल घेतात. मुलांची शाळा बुडते. यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण एकाला दुसऱ्याचा आधार नाही. आता मुलांची शाळा हा एकच मुद्दा धरून लिहू:

दिवाळीच्या सुमारास बीडमधल्या अनेक गावांतली मुलं शाळेत दिसेनाशी होतात, कारण त्याच वेळी त्यांचे आईवडील ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फेडायला नवरा-बायको दोघांना, म्हणजे पुरत्या एका कोयत्याला, फडात उतरावं लागतं. घरी सांभाळणारं म्हातारं माणूस नसेल तर मूलही बरोबर जातं. कारखान्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, तोवर शाळेचं वर्षही सरत आलेलं असतं.

कष्टाचा शब्द गळला, तरी कष्ट दिसतात. पावसाचा मुद्दा खरा आहे, पण तो वेगळ्या परिच्छेदाचा. इथे तो आणला असता तर मूल नजरेआड झालं असतं. ‘कारण’, ‘आधीच’, ‘तोवर’ हे साधे शब्द वाक्यांना एकमेकांत गुंतवतात. पहिलं वाक्य विधान करतं, मधली दोन त्यामागची अडचण उलगडतात आणि शेवटचं नुकसान किती मोठं ते मोजून दाखवतं.

हीच माहिती गावातल्या पालकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्जातून कळवायची असेल, तर मात्र क्रम उलटा करावा लागेल. तिथे पहिल्याच वाक्यात मागणी हवी: आमच्या शाळेत यंदा हंगामी वसतिगृह सुरू करावं. त्यानंतर किती मुलांचे पालक जाणार, कोणत्या तारखेला जाणार, मागे सांभाळायला घरी कोण उरणार, आणि मुलांच्या जेवणाची सोय गावात कोण करू शकेल. अधिकाऱ्याला निर्णय घ्यायला जेवढं लागतं तेवढं आणि त्याच क्रमाने. दिवाळीतल्या रिकाम्या बाकांचं वर्णन वर्तमानपत्राच्या लेखात शोभेल; अर्जात त्या जागी मुलांची यादी जोडलेली बरी.