मालिका अपूर्ण

स्टॅन्ली चषक हा आइस हॉकीतला सर्वोच्च मान. त्याच्या चांदीच्या पट्ट्यांवर दरवर्षीच्या विजेत्याचं नाव कोरलेलं असतं. 1919 सालापुढे मात्र मॉन्ट्रियल कॅनेडियन्स आणि सिएटल मेट्रोपॉलिटन्स अशी दोन नावं आहेत, आणि त्याखाली नोंद आहे : मालिका अपूर्ण. पहिलं महायुद्ध कागदावर संपलं, पण माणसांच्या शरीरातून ते निघायला किती वेळ लागला, हे मला या दोन शब्दांइतकं नेमकं कुठे सापडलेलं नाही.

11 नोव्हेंबर 1918 रोजी तोफा थंडावल्या आणि सहा आठवड्यांच्या आत, 21 डिसेंबरला, नॅशनल हॉकी लीगचा हंगाम सुरू झाला. लीगला जेमतेम वर्ष झालेलं, संघ अवघे तीन : मॉन्ट्रियल, ओटावा आणि टोरांटो. माणसं आधीच खर्ची पडली होती. टोरांटोला 1914 मध्ये चषक जिंकून देणारा कर्णधार स्कॉटी डेव्हिडसन पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मारला गेला. ओटावाचा जुना हिरो फ्रँक मॅगी 1916 मध्ये सोमच्या लढाईत पडला. ओटावाच्याच हॅम्बी शोरला ऑक्टोबर 1918 मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीने नेलं. फेब्रुवारी 1919 मध्ये तर गतविजेत्या टोरांटोनेच हंगाम अर्धवट सोडला. उरलेल्या दोघांत मॉन्ट्रियलने ओटावाला हरवलं आणि चषकासाठी पश्चिमेकडच्या लीगच्या विजेत्याशी झुंजायला रेल्वेने सगळा खंड ओलांडून सिएटल गाठलं.

सिएटलही नुकतंच कुठे सावरत होतं. शरद ऋतूत साथीमुळे शाळा आणि नाट्यगृहं बंद होती, ट्राममध्ये मास्कची सक्ती होती. फेब्रुवारीत सुमारे 65 हजार कामगारांच्या सार्वत्रिक संपाने शहर थांबलं होतं. मेट्रोपॉलिटन्सचा हुकमी गोल करणारा बर्नी मॉरिस ऐन मालिकेच्या तोंडावर सैन्यभरती टाळल्याच्या आरोपाखाली लष्कराच्या कोठडीत गेला. म्हणजे युद्ध संपून चार महिने झाले, तरी युद्धाचा हिशेब चालूच होता.

पाचांपैकी तीन सामने जिंकणाऱ्याला चषक, अशी मालिका. पूर्वेकडे सहा खेळाडूंचा संघ, पश्चिमेकडे सातांचा. म्हणून एक सामना यांच्या नियमाने, एक त्यांच्या. पहिला सिएटलने 7-0 असा घेतला. दुसऱ्यात न्यूझी लालोंडने एकट्याने चार गोल ठोकून मॉन्ट्रियलला मालिकेत बरोबरी साधून दिली. तिसरा पुन्हा सिएटलचा, 7-2.

26 मार्चचा चौथा सामना मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. एका गोलमध्ये मॉन्ट्रियलचा जॉर्ज व्हेझिना, दुसऱ्यात सिएटलचा हॅप होम्स. साठ मिनिटं संपली, गोल नाही. आणखी वीस मिनिटं खेळले, तरी नाही. तेव्हा आजच्यासारखे दर मिनिटाला ताज्या दमाचे खेळाडू उतरत नसत. तीच मोजकी माणसं शेवटपर्यंत धावत. 0-0 वर शिटी वाजली तेव्हा खेळाडू बर्फावरच कोसळले आणि प्रेक्षक दोन्ही संघांसाठी उभे राहिले.

पाचव्या सामन्यात 0-3 असं पिछाडीवर पडलेलं मॉन्ट्रियल जादा वेळेत 4-3 ने जिंकलं. पण त्यांचा बचावपटू जो हॉल सामना अर्धवट सोडून गेला होता. त्याच्या अंगात ताप होता. हॉल इंग्लंडात जन्मलेला, मॅनिटोबात वाढलेला, सदतीस वर्षांचा. दांडगाईसाठी बदनाम, तीन मुलांचा बाप. दोन्ही संघांचे दोन-दोन विजय, एक सामना बरोबरीत. 1 एप्रिलला निकाल लागायचा होता. त्या दिवसापर्यंत हॉल, लालोंड आणि आणखी तिघे, शिवाय व्यवस्थापक जॉर्ज केनेडी, असे सगळे आजारी होते. सामना रद्द झाला. केनेडीने चषक सिएटलला देऊ केला. सिएटलचे प्रशिक्षक पीट मल्डून यांनी तो घेतला नाही. आजारी माणसांवर मिळवलेला विजय त्यांना नको होता.

5 एप्रिलला हॉल सिएटलच्या रुग्णालयात न्यूमोनियाने गेला. केनेडीही त्या आजारातून पुरता उठला नाही. 1921 मध्ये त्याचा मृत्यू झाला.

हा इन्फ्लुएंझाचा ताप आपल्याला परका नाही. जून 1918 मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई याच तापाने अंथरुणाला खिळले. सैनिकांच्या जहाजांनी आणि आगगाड्यांनी साथ देशभर नेली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं दगावली. मराठी घरांत तिला ‘मानमोडी’ म्हणत. मुंबईच्या गोदीतला शिपाई आणि सिएटलच्या बर्फावरचा हॉल यांना एकमेकांची खबर असायचं कारण नव्हतं. पण माणसांची अशी अफाट ने-आण ज्या युद्धाने सुरू केली, ते दोघांचं एकच होतं.

मेट्रोपॉलिटन्सना पुन्हा कधी चषक मिळाला नाही. पुढच्याच वर्षी ते अंतिम मालिकेत ओटावाकडून हरले आणि 1924 मध्ये संघच बंद झाला. मल्डूननी त्या दिवशी हो म्हटलं असतं, तर 1919 पुढे एकट्या सिएटलचं नाव असतं. त्यांनी नाही म्हटलं, म्हणून जो हॉलचा संघही तिथे आहे. पुढे 1948 मध्ये चषकाला नवं रूप देताना ती नोंद कोरली गेली. त्या वर्षाबद्दल याहून खरं काही लिहिता आलं नसतं.