आलेखरेषेचे मूल्यानुसार रंगांकन : अकोला-अमरावती परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
मे महिन्यातील अकोल्याचे दैनिक कमाल तापमान रेषालेखाने दाखविण्याची पद्धत भूगोल, संख्याशास्त्र व पर्यावरणशास्त्र या विषयांत रूढ आहे. अशा आलेखातील रेषा सहसा एकाच रंगाची असते. ती चढउतार दाखविते; परंतु तापमानाने धोक्याची मर्यादा केव्हा ओलांडली, हे वाचकाला अक्षावर शोधावे लागते. मूल्यानुसार रंग बदलणारी रेषा हे काम सुकर करते. मात्र रंगयोजना सदोष असल्यास तीच रेषा दिशाभूलही करते.

रंगांकनाची प्रक्रिया :
आलेख काढणाऱ्या बहुतेक संगणकप्रणालींत संपूर्ण रेषेला एकच रंग मिळतो. म्हणून लगतच्या दोन बिंदूंना जोडणारे स्वतंत्र खंड करावे लागतात. ३१ दिवसांच्या नोंदींपासून ३० खंड मिळतात. प्रत्येक खंडाला दोन्ही टोकांच्या मूल्यांच्या सरासरीनुसार रंगपट्टीवरील रंग देता येतो. पायथॉन भाषेतील मॅटप्लॉटलिबमध्ये 'लाइनकलेक्शन' ही सोय अशा खंडसमूहासाठीच आहे.

येथे एक अडचण संभवते. समजा, लागोपाठच्या तीन दिवसांचे तापमान ४३, ४६ व ४३ अंश सेल्सिअस आहे आणि रंग ४५ अंशांवर बदलतो. दोन्ही खंडांची सरासरी ४४.५ येते, परिणामी ४६ अंशांचा दिवस धोक्याच्या रंगात दिसतच नाही. यावर उपाय म्हणजे रेषा ४५ अंशांना जेथे छेदते तेथे जादा बिंदू घेणे. पहिल्या खंडात तो दोन-तृतीयांश अंतरावर येतो. हा बिंदू केवळ रेखाटनासाठी असतो. ती प्रत्यक्ष नोंद नव्हे.

रंगपट्टीची निवड :
मर्यादा मनाने ठरवू नयेत. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांत मैदानी केंद्रांसाठी प्रत्यक्ष कमाल तापमानाच्या ४५ व ४७ अंश या मर्यादा अनुक्रमे उष्णतेची लाट व तीव्र लाट यांच्याशी निगडित आहेत. अकोल्याच्या आलेखासाठी त्या उपयुक्त ठरतात.

तुलनेसाठी रंगपट्टी समान असणे अगत्याचे आहे. सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदरा आणि मैदानातील अकोला यांचे आलेख आपापल्या किमान-कमाल मूल्यांनुसार रंगविल्यास चिखलदऱ्याचा तुलनेने सौम्य दिवसही अकोल्याच्या प्रखर दिवसाइतकाच लाल दिसेल. तसेच लाल-हिरवा भेद न जाणवणाऱ्या वाचकांसाठी व काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीसाठी फिक्याकडून गडदकडे क्रमाने जाणारी रंगपट्टी श्रेयस्कर होय.

तिसऱ्या चलाचे दर्शन :
उंचीने दाखविलेलेच मूल्य रंगाने पुन्हा दाखविणे म्हणजे केवळ अधोरेखन होय. रंगाला स्वतंत्र चल दिल्यास आलेखात नवी माहिती येते. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णा नदीपर्यंतच्या विहिरींची जलपातळी रेषेने व पाण्याची विद्युतवाहकता रंगाने दाखविता येईल. विद्युतवाहकता ही विरघळलेल्या क्षारांची निदर्शक असते. खारपाणपट्ट्यात पाणी किती खोल आहे एवढेच नव्हे, तर ते किती खारे आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. एकरंगी रेषा त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

समारोप :
रंग हा आलेखाचा अलंकार नसून मापनाचाच एक भाग आहे. म्हणून अक्षावरील एककांप्रमाणेच रंगपट्टीची व्याप्ती, मर्यादा व खंडांना मूल्य देण्याची रीत आलेखाखाली नमूद करणे आवश्यक ठरते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत हा दंडक पाळला गेल्यास रंगीत आलेख देखणा तर होईलच, शिवाय पडताळून पाहण्याजोगाही होईल.